भांडणात गोळी काढायची नाही

‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न विचारायला आमच्या घरात बंदी आहे. नुसती तोंडी नाही. वहीच्या कागदावर चार ओळी लिहून त्याखाली मी, नवरा आणि सासूबाई अशा तिघांच्या सह्या आहेत आणि तो कागद कपाटात पासबुकांच्या फायलीत ठेवलेला आहे. पुण्यात राहायचं तर पाटी हवीच, असं लेक म्हणते. ही पाटी कशी लागली ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी लिथियम घेते. बायपोलरसाठी, म्हणजे मन कधी प्रमाणाबाहेर चढतं तर कधी पार उतरतं, त्या आजारासाठी. काम मुद्रितशोधनाचं; पूर्वी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात बसून प्रुफं वाचायचे, आता घरूनच वाचते. आजार कळला तो बाळंतपणात. माहेरी वाईला होते. बारशाच्या आदल्या रात्री मी माजघरातली सगळी भांडी काढून घासत बसले होते आणि पहाटे चारला पाहुण्यांना उठवून नावांची यादी वाचून दाखवत होते, असं मला नंतर सांगण्यात आलं. बाळंतीण उत्साहात आहे, असं आधी सगळ्यांना वाटलं. मग वाटेनासं झालं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हा आजार असा अचानक उसळू शकतो, हे मला आता माहीत आहे. तेव्हा ‘बाहेरचं’ काही आहे का, यावर घरात दोन मतं पडली होती.

पुण्यात आणल्यावर औषधं सुरू झाली. लिथियम दुधातून बाळाला जातं, म्हणून डॉक्टरांनी अंगावर पाजणं बंद करायला सांगितलं. सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने पाजायच्या आणि मी शेजारी बसून बघायचे. वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवसांत वाटायचंच काही नाही. लेक पहिली दोन वर्षं माझ्यापेक्षा आजीलाच जास्त ओळखायची. ते अंतर पुढे भरून निघालं. पूर्ण निघालं का, हे तिलाच विचारावं लागेल.

एक सांगून टाकते. मी गोळ्या स्वतःहून कधी बंद केल्या नाहीत. असल्या हकिगतींत नायिका एक दिवस गोळ्या बेसिनमध्ये ओतते आणि मग पुढचं सगळं घडतं. माझ्याकडे तो प्रसंग नाही. मी रोज रात्री जेवणानंतर गोळी घेते, ठरल्या दिवशी गोळीला बारा तास झाले की सकाळी रक्त द्यायला जाते आणि रक्तातल्या लिथियमची लेव्हल ०.६ ते १.० च्या मध्ये आली की निर्धास्त होते. १.५ च्या वर गेलं की हेच औषध विषासारखं वागतं, त्यामुळे रिपोर्टचा हा चिटोरा आमच्याकडे विजेच्या बिलापेक्षा जास्त काळजीने उघडला जातो. थायरॉइड आणि किडनी तपासायची ती वेगळी. हात थोडे थरथरतात. प्रुफावरच्या खुणा पूर्वी मी शाईने करायचे, आता पेन्सिलीने करते.

तर, बंदी.

डॉक्टर, नातेवाईक, दवाखान्यातली पोस्टर्स, सगळे एकच उपमा देतात: डायबेटिससारखंच आहे हो, रोज गोळी घ्यायची की झालं. चांगल्या मनाने देतात, आणि नव्या पेशंटला सुरुवातीला तिचा आधारही वाटतो. पण माझ्या मोठ्या दिरांना डायबेटिस आहे. ते गणपतीच्या वर्गणीवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावाने भांडतात, तेव्हा कोणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ‘मेटफॉर्मिन घेतलंत ना?’ असं विचारत नाही. त्यांचा राग हा त्यांचा राग असतो. माझा राग हे लक्षण असतं.

लेक बारावीत होती तेव्हाची गोष्ट. नवऱ्याने त्याच्या चुलतभावाला पैसे दिले, मला न विचारता, लेकीच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडून. मला कळलं ते बँकेचा मेसेज माझ्याही फोनवर येतो म्हणून. मी चिडले. आवाज चढला, ओट्यावर उलथनंही आपटलं. नवरा मान खाली घालून ऐकत होता, चेहरा पकडल्या गेलेल्या माणसाचा. आणि मग त्याचा चेहरा बदलला. काळजीचा झाला. आवाज मऊ झाला, वॉर्डात फिरताना डॉक्टर काढतात तसा. ‘तू काल रात्रीची गोळी घेतली होतीस ना?’

संपलं. एका वाक्यात आरोपीचा डॉक्टर झाला आणि फिर्यादीचा पेशंट. ‘घेतली होती’ म्हणावं तर मी उलटतपासणीला उभी. ‘तुझा काय संबंध’ म्हणावं तर बघा, चिडचिड वाढलीय. एफडीचा विषय त्या रात्री मिटला, म्हणजे बुडाला. आणि तो लबाडी करत होता असं म्हणायचीही सोय नाही. त्याला खरंच काळजी वाटली होती. माझ्या आजाराच्या आधीच्या एका खेपेची सुरुवात अशाच चढ्या आवाजाने झाली होती आणि तेव्हा निस्तरलं त्यानेच. लबाड माणसाशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी कसं भांडायचं?

हळूहळू मी स्वतःलाही तेच विचारायला लागले. मैत्रिणीच्या मुलाच्या लग्नात पंगतीत हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, तर घरी येताना रिक्षात मी हिशोब करत होते: काल किती झोपले, परवा किती. एखादी साडी आवडली तर दुकानातून बाहेर येऊन चहा प्यायचे आणि चहानंतरही आवडतेय का ते बघायचे. एका अर्थी शहाणपणाच. पण असं जगताना आनंद झाला की आधी त्याची चौकशी बसते.

सायकॉलॉजिस्ट बाईंकडे मी गेले ती त्यानंतर, नळ स्टॉपच्या जवळ. आपल्याकडे कामाची वाटणी अशी आहे की गोळ्या लिहून द्यायच्या डॉक्टरांनी, म्हणजे सायकॅट्रिस्टनी, आणि बोलण्याचे उपचार बहुतेक वेळा सायकॉलॉजिस्टनी करायचे. त्यांना गोळ्या लिहायचा अधिकार नाही. माझे डॉक्टर भला माणूस आहे, पण बाहेर बाकं भरलेली असतात. झोप कशी, भूक कशी, थरथर वाढली का, लेव्हल काय आली, बरं, पुढच्या महिन्यात या. बाईंकडे पाऊण तास मिळतो. गोळ्या स्वस्त, बोलणं महाग. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावले खरे, पण आमच्या पॉलिसीत दाखल झालात तर पैसे मिळतात. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून जो खर्च करावा तो आपला आपण.

बाईंनी सुरुवातीच्याच एका भेटीत विचारलं, ‘गोळी हातात घेता तेव्हा मनात काय येतं?’

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी पटकन बोलून गेले, ‘सासरची माणसं बघतायत असं वाटतं.’ स्वयंपाकघरात एकटी असले तरी.

गोळ्यांशिवाय हा पाऊण तास झालाच नसता, हेही लिहिलं पाहिजे. चढलेली असते तेव्हा मी समोरच्याला बोलू देत नाही आणि उतरलेली असते तेव्हा ‘माहीत नाही’ यापलीकडे माझ्याजवळ शब्द नसतो. दोन्ही अवस्थांत थेरपी म्हणजे पैसे पाण्यात. लिथियमने मला खुर्चीत बसवलं. पण बसवताना काहीतरी आवळलंही. वडील गेले तेव्हाचं मी बाईंना सगळं सांगितलं, हॉस्पिटल, वाईचा घाट, भावाने दिलेला अग्नी, आणि सांगून झाल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाईंनी ते टिपलं. हे औषधामुळे, आजारामुळे, की मी मुळातच अशी, याचा निकाल लागला नाही. बाई डॉक्टरांशी फोनवर बोलल्या (असं करणारे थोडे, मी भाग्यवान), डॉक्टरांनी रिपोर्ट बघत बघत डोस जरासा उतरवला. मग एके दिवशी मी रडले. बाईंसमोर नाही, नळ स्टॉपच्या सिग्नलला, रिक्षात. रिक्षावाल्याने आरशात बघून ‘ताई, बाजूला घेऊ का?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको, चालू दे, मीटर पडतोय.

हे असं सपाट होणं माझ्याच गोळीचं नाही. छापखान्यात डीटीपी करणारी एक मुलगी एस्सिटालोप्रामवर होती, डिप्रेशनसाठी. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. रडू थांबलं, कामावर यायला लागली, सगळे खूश. मग एकदा डबा खाताना म्हणाली, ‘मॅडम, मला तो जवळ आला की काहीच वाटत नाही, आणि त्याला वाटतं तोच मला आवडत नाही.’ या गटातल्या औषधांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की ती पहिल्याच चिठ्ठीबरोबर सांगायला हवी. तिला सांगितली नव्हती. दवाखान्यात बरोबर सासू होती, आणि सासूसमोर ना डॉक्टरांनी विचारलं ना हिने काढलं. भावना बोथट होण्याचंही तसंच. २०१७ साली अशा औषधांवरच्या सव्वासहाशेहून जास्त रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत ४६ टक्के लोकांनी आपल्याला असं बोथटपण जाणवतं म्हणून सांगितलं. डिप्रेशननेही माणूस बोथट होतोच, त्यामुळे दोष कोणाच्या खात्यावर मांडायचा ही भानगड राहते. त्या मुलीला मी नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे जा, एवढंच सांगितलं. औषध बदलून मिळालं. ज्यावरून घटस्फोटापर्यंत बोलणी गेली असती ते दुसऱ्या एका गोळीने निभावलं. मला वाटतं, अशी किती लग्नं ‘स्वभाव जुळले नाहीत’ या सदरात गेली असतील.

प्रुफं वाचण्याचा एक फायदा असतो: माणूस नको तेवढं वाचतो, आणि आकडा दिसला की तपासतो. मानसशास्त्राच्या एका पुस्तकाच्या प्रुफांत मला एक अभ्यास सापडला आणि मी खरा लेख शोधून वाचला. अमेरिकेत डिप्रेशनवरच्या एका जुन्या मोठ्या चाचणीत ९ सायकॅट्रिस्टनी ११२ रुग्णांना कोणाला इमिप्रामिन हे डिप्रेशनवरचं औषध तर कोणाला औषध नसलेली दिखाऊ गोळी दिली होती. कोणती गोळी कोणाला, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. २००६ मध्ये ते आकडे पुन्हा मांडले तेव्हा असं निघालं की गोळी कोणती यापेक्षा ती देणारा डॉक्टर कोण याने जास्त फरक पडला होता. सर्वांत प्रभावी डॉक्टरांचे दिखाऊ गोळी घेणारे पेशंट हे सर्वांत कमी प्रभावी डॉक्टरांच्या खरी गोळी घेणाऱ्या पेशंटपेक्षा बरे झाले होते. यावरून गोळ्या खोट्या, असा निष्कर्ष काढणारे काका प्रत्येक घरात एक असतात. तसं नाही, प्रभावी डॉक्टरांच्या हातून खरी गोळीही जास्त लागू पडली होती. गोळी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि हात कसा आहे ते तिच्याबरोबर पोटात जातं, एवढंच. आमच्याकडे मग ती रोज कोणाच्या आवाजाबरोबर जात होती?

उलटंही होतं. गोळी थेरपीच्या आड येते. एका ओळखीच्या गृहस्थांना पॅनिक अटॅक यायचे, लिफ्टमध्ये, बसमध्ये. ते थेरपिस्टकडे जाण्याआधी भीती दाबणारी अल्प्राझोलामची अर्धी गोळी घ्यायचे. शांत बसायचे, शांत परत यायचे. भीती आलीच नाही तर भीतीतून कसं निघायचं हे शिकणार कधी? पॅनिकवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (औषध वेगळं, इमिप्रामिन) उपचार सगळे थांबवल्यानंतर औषध आणि थेरपी एकत्र घेतलेल्यांपेक्षा नुसती थेरपी घेतलेले जास्त टिकून होते. म्हणून हे वाचून कोणी अल्प्राझोलाम उद्यापासून सोडू नका. ती एकदम सोडणं धोक्याचं असतं. डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांना एकमेकांचं काय चाललंय ते ठाऊक हवं, इतकाच मुद्दा.

पुढे बाईंनी नवऱ्यालाही बोलावलं. तो आधी ‘मला काय झालंय?’ म्हणाला, पण आला. इस्त्रीचा शर्ट घालून, बँकेत कर्ज मागायला जावं तसा खुर्चीच्या कडेवर बसला. बराच वेळ घोळ घालून मग म्हणाला, ‘लग्नाआधीची ती… ती मला आठवते. राजगडावर रात्रभर गप्पा मारणारी. सगळ्या ग्रुपला हसवायची. आता ही बरी आहे, मला कळतं, पण मी तिच्याशी लग्न केलं होतं.’

मला हे माहीत होतं आणि ऐकायचं नव्हतं. राजगडावरची ती म्हणजे निम्मी मी आणि निम्मा आजार, हे तेव्हा दोघांनाही कळायला मार्ग नव्हता. चढत्या दिवसांतला माणूस फार मोहक असतो. मी म्हणाले, ‘ती बाई क्रेडिट कार्डाचं बिल माझ्या नावावर ठेवून गेलीय.’ बाई हसल्या, नवरा हसला नाही. मग थोड्या वेळाने हसला. पण त्या दिवसापासून एक झालं, राजगडावरच्या त्या बाईबद्दल आम्ही उघडपणे बोलतो, वारलेल्या नातेवाइकाबद्दल बोलतात तसं, चांगलं आणि वाईट दोन्ही.

कागद त्याच खोलीत लिहिला गेला. चार कलमं. एक, गोळी घेतली का असं कोणी विचारायचं नाही. आठवड्याचा डबा रविवारी मी भरते, तो फ्रिजवर असतो, ज्याला बघायचंय त्याने बघावं. दोन, झोपेबद्दल विचारायला कोणालाही, कधीही परवानगी आहे. तीन, भांडण चालू असताना आजाराचं नाव काढायचं नाही. काळजी वाटली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं, आणि ‘तू बदललीस’ असं मोघम नाही, काय केलं ते सांगायचं. चार, लागोपाठ दोन रात्री मी चार तासांपेक्षा कमी झोपले तर डॉक्टरांना फोन करायचा, मी नको म्हटलं तरी. चौथं कलम माझं. बाकीचे तीन मिळवायचे तर काहीतरी द्यायला हवं होतं.

घरातल्या बोलण्याचा आजारावर परिणाम होतो, हे लंडनच्या संशोधकांनी फार पूर्वी मोजलं आहे. १९७६ च्या त्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण घरी गेल्यावर नऊ महिन्यांत कोणाचा आजार उलटतो ते पाहिलं. सतत टीका करणारी, चिडणारी किंवा जिवापलीकडे काळजी करणारी माणसं घरात असतील आणि त्यांच्याशी आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर संबंध येत असेल, तर नियमित औषध घेऊनही निम्म्याहून जास्त रुग्ण पुन्हा आजारी पडले. शांत घरात औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. पुढे बायपोलरमध्येही घराच्या वातावरणाचा असाच परिणाम दिसला. नीट वाचा, टीकेच्या रांगेत काळजीही आहे. आणि आठवड्याला ३५ तास! आमच्या वन बीएचकेत ते शनिवार-रविवारीच भरतात. नंतर चंदीगडला असाच अभ्यास झाला, त्यात भारतीय घरं लंडनपेक्षा पुष्कळ मवाळ निघाली. चंदीगडकरांची गाठ सदाशिव पेठेशी पडलेली नव्हती.

सासूबाईंनी कागदावर सही केली, पण त्यांचं आणि माझ्या गोळीचं खरं जमलं ते मिठावरून. त्यांना बीपीचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. त्या कोणतीही गोष्ट अर्धवट करत नाहीत. आमटी अळणी, भाजी अळणी, पापड-लोणची माळ्यावर. वेगवेगळा स्वयंपाक कोण करणार, म्हणून सगळं घर अळणी. काही दिवसांत माझा हात इतका थरथरायला लागला की बशीत चहा सांडायचा, मळमळ वेगळी. रक्त तपासलं तर लेव्हल वर गेलेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘जेवणात काही बदल?’ मीठ एकदम कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते. घाम फार गेला, पाणी कमी पडलं, तरी तेच. म्हणून मला निर्जळी उपास नाही, आणि डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेनची गोळीही नाही.

घरी येऊन हे सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. वीस वर्षं त्यांनी माझ्या आजाराचं नाव घेतलं नव्हतं. ‘तिची तब्येत’ म्हणायच्या. संध्याकाळी पानं घेताना त्यांनी माझ्या ताटात डावीकडे, मीठ वाढतात तिथे, मीठ वाढलं आणि म्हणाल्या, ‘आमटीत कमीच राहील. तू वरून घे. पण रोज तेवढंच घे, कमी-जास्त नको.’ लिथियमबद्दल डॉक्टर जे पाच मिनिटं समजावतात ते त्यांनी एका ओळीत सांगितलं. आता रिपोर्ट आला की विचारतात, ‘तुझं मीठ किती आलं गं?’ लिथियम हाही एक क्षारच, त्यामुळे मी दुरुस्ती करत नाही. या प्रश्नावर कागदात बंदी नाही, आणि मला तो आवडतो.

नणंदेचं प्रकरण मात्र अजून पूर्ण निवळलेलं नाही. २०१७ च्याच कायद्यात अशी सोय आहे की आपण धडधाकट असताना साध्या कागदावर सही करून एक प्रतिनिधी नेमायचा. पुढे कधी आपल्याला निर्णय घेता आला नाही तर उपचारांच्या बाबतीत ती व्यक्ती आपल्या बाजूने उभी राहते. ती नवरा-बायकोच असली पाहिजे असं नाही. मी नणंदेचं नाव लिहिलं. त्या वारज्याला राहतात. विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल आमच्या घरी खिडकीतून आत येतात आणि रात्रभर जागरण मला परवडत नाही, म्हणून अनंत चतुर्दशीला मी दरवर्षी त्यांच्याकडे झोपायला जाते. सदाशिव पेठेतून गणपतीत पळून जाणारी सून म्हणून नातेवाइकांत माझी कीर्ती आहे. ताई मला गोळीचं विचारत नाहीत. सकाळी माझ्या गादीकडे बघतात, चादर किती चुरगळलीय ते. आणि चढायला लागले की माझं बोलणं नाही, हस्ताक्षर आधी बदलतं, हे पहिल्यांदा त्यांनी ओळखलं.

नवरा दुखावला. ‘वीस वर्षं मी केलं आणि नाव ताईचं?’ त्याचं खरं आहे. मी त्याला म्हटलं, तू नवरा राहावंस म्हणून तिचं नाव. पहारेकऱ्याची नेमणूक बाहेर केली की घरात नवरा शिल्लक राहतो. त्याला हे पटलंय असं तो म्हणतो. पटलेलं नाही.

आता लेकीचं. ती नोकरीला लागली, हिंजवडीला जाते, आणि तिचं तिनेच जमवलंय. मुलगा चांगला आहे. त्याला तिने माझ्या आजाराबद्दल सगळं सांगितलं, लग्नाचा विषय निघायच्या आधी, फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी पिताना. मला नंतर कळलं. मी संतापले. आजार माझा, रिपोर्ट माझे, आणि सांगून मोकळी ही. ती म्हणाली, ‘आई, तो अर्धा माझाही आहे ना.’ बायपोलर आईच्या मुलांना हा आजार होण्याची शक्यता साधारण पाच ते दहा टक्के असते, हे तिने शोधून ठेवलं होतं. नव्वद टक्के नाही, हेही तिनेच मला सांगितलं. माझं तोंड बंद झालं, राग गेला नाही.

मुलाच्या आईवडिलांना सांगायचं की नाही, यावर सध्या घरात खडाजंगी चालू आहे. नवरा म्हणतो, गरज नाही. मुलीला काही झालेलं नाही. त्याची भीती मला कळते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार घटस्फोटाचं कारण होऊ शकतो. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये इतका तो असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं आहे, पण हे स्थळं बघणाऱ्यांना कोण सांगणार? मला अशा मुली माहीत आहेत ज्या सासरी गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत भरून घेऊन जातात आणि बाथरूममध्ये नळ सोडून घेतात. तिथे एखादा दिवस चुकला तर कोणाला सांगायचीही सोय नाही. सासूबाईंचं मत अगदी उलट आहे: आधी सांगा, त्यांना नंतर दुसरीकडून कळलं तर ते आपल्याला फसवे म्हणतील.

परवा यावरून घरात चांगलंच वाजलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. नवऱ्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग मुद्द्यावर भांडला. मी जिंकले. मंडळी सांगलीहून रविवारी येतायत आणि त्यांना सांगणार मीच, माझ्या तोंडाने, पोहे खाऊन झाल्यावर. आधी सांगितलं तर उगाच पोहे वाया जायचे.